किचनच्या जुन्या फरशीवर नवीन बसवायची का जुनी फोडायची? ठरवायच्या आधी हे तपासून घ्या

आमचं लातूरचं घर २००३ सालचं. किचनमधे तेव्हा एक बाय एकची पांढरी सिरॅमिक टाईल बसवलेली, वीस वर्षांत तिची चकाकी पार गेली, जॉइंट काळे पडले आणि गॅससमोर फोडणीचं तेल मुरून मुरून पिवळा पट्टा झाला, तो कितीही घासा निघतच नव्हता. महालक्ष्म्यांच्या म्हणजे गौरींच्या आधी किचन करून घ्यायचं ठरलं तर जो तो एकच विचारायला लागला, फोडायलात कामून, वरूनच बसवा की, दोन दिवसात मोकळे व्हाल.

माझं मन तयार होईना, कारण माहेरी अंबाजोगाईला दादांनी हेच केलं होतं. कुणी काही तपासलं नाही, जुन्या फरशीवर सिमेंटचा घोळ ओतला आणि नवीन टाईल चिकटवली, दिसायला झकास दिसली. दुसऱ्याच पावसाळ्यात फ्रीजशेजारच्या चार टाईल फुगून वर आल्या, उचलून बघितलं तर खाली सगळी ओल आणि त्या ओलीत लोखंडी पाईपला गंजून भोक पडलेलं. मग नवीन पण फोडली आणि जुनी पण फोडली, आईचा स्वयंपाक बारा दिवस पडवीत स्टोव्हवर चालला. म्हणून स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मी आठ दिवस नुसतं तपासण्यात घातले, आणि शेवटी वरूनच बसवली. ते आठ दिवस कसे घातले आणि पुढं काम कसं करून घेतलं ते खाली क्रमानं लिहिलंय. दुकानातली टाईल पसंत करायच्या आधी हे करा, नंतर नाही, कारण एकदा टाईल आवडली की मग आपण फरशी नीट तपासतच नाही.

१. आधी सगळी फरशी ठोकून बघा

लाटणं घ्या नाहीतर लाकडी दांडा घ्या, खाली बसा आणि एकेक टाईल ठोका. मधे एकदा आणि चारी कोपऱ्यात एकेकदा. घट्ट बसलेल्या टाईलचा आवाज टणक येतो, सुटलेली असेल तर पोकळ, बद्द आवाज येतो, मातीचं मडकं वाजवल्यासारखा. दोन-चार टाईल वाजवल्या की कानाला फरक आपोआप कळायला लागतो. पोकळ वाजली की तिच्यावर खडूनं फुली मारा. दुपारी मिक्सर, टीव्ही, कुकर बंद असताना करा.

आमच्याकडं साधारण सव्वाशे टाईल होत्या, त्यातल्या नऊवर फुली पडली आणि नऊपैकी सहा एकाच जागी, बेसिनखाली. असा गठ्ठा एका जागी निघाला तर तो नुसता टाईलचा प्रश्न नसतो, खाली काहीतरी चाललेलं असतं, तिथं पाणी शोधा. फुल्या इकडं तिकडं विखुरलेल्या असतील तर तेवढ्याच टाईल काढायच्या, खड्डा मसाल्यानं भरून बाकीच्या फरशीच्या लेव्हलला आणायचा आणि वाळू द्यायचा, त्यावर पुढचं काम होतं.

माझा हिशोब सांगते, दहात एकापेक्षा जास्त पोकळ निघाल्या तर सरळ फोडा. नवीन टाईल कितीही भारी आणली तरी ती जुनीला चिकटलेली असणार, आणि जुनी खालून सुटली की दोन्ही सोबत सुटणार.

इथं अजून एक बघायचं, खाली थर किती आहेत. आपल्या लातूर-धाराशिवकडं कर्नाटकातली शहाबादी जवळ, त्यामुळं खूप जुन्या घरांत मूळची शहाबादी आणि तिच्यावर नंतर कधीतरी चढवलेली टाईल असते. नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं तिथली, जाळी काढून कडेनं बघितलं की थर मोजता येतात. आधीच दोन असतील तर तिसरा चढवू नका.

२. ओल आणि पाईप

भिंतीच्या खालच्या हातभर भागात रंग सुटतोय का, पांढरा लोणा येतोय का ते बघा. टाईलच्या जॉइंटमधून पांढरी पूड वर येत असेल तर खालून ओल येतेय हे पक्कं. शंका असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजूंनी सेलो टेप घट्ट लावा आणि एक दिवस एक रात्र तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून पाणी साचलेलं दिसलं किंवा खालचा जॉइंट गडद झाला तर वरून काहीही बसवू नका. ओल झाकली म्हणून थांबत नसते, ती वाट काढत भिंतीत चढते.

पाईपचं काम अजून महत्त्वाचं. घर जुनं असेल आणि फरशीखालून लोखंडी जीआय पाईप गेलेला असेल तर तो बदलल्याशिवाय नवीन फरशीवर एक रुपया घालू नका, हे मी माहेरच्या अनुभवावरून कळकळीनं सांगतेय. सोपी तपासणी म्हणजे रात्री घरातले सगळे नळ बंद करायचे, वरच्या टाकीत पाणी येणारा पाईप पण बंद करायचा, टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण करायची आणि सकाळी कुणी नळ सोडायच्या आत बघायचं. पाणी उतरलेलं दिसलं तर कुठंतरी गळती आहे. आमच्याकडं खाली पाईप होता पण सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा होता, बेसिनखालच्या सहा टाईल पोकळ निघाल्या त्याचं कारण वेस्ट पाईपचा जॉइंट निघाला, प्लंबरनं अर्ध्या तासात बदलला. त्यानंतर महिनाभर थांबलो, परत प्लास्टिक लावून बघितलं, कोरडं निघालं तेव्हाच पुढं गेलो.

३. फरशी खचली आहे का

मराठवाड्यात हे तपासावंच लागतं, कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि जोत्यात मुरूम नीट न भरता काळी मातीच ढकललेली असेल तर तळमजल्याची फरशी वर्षानुवर्षं थोडी थोडी हलत राहते. दोरी घ्या, एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत फरशीलगत ताणून धरा, मधे कुठं फट दिसते ते बघा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पण धरा. थोडा फरक चिकटवायच्या मसाल्यात निघून जातो, त्याहून जास्त असेल तर आधी लेव्हल करून घ्यावी लागते.

नुसता खड्डा असणं आणि फरशी अजून हलत असणं यात फरक आहे. स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावतात ती पट्टी) आणि फरशीच्या मधे फट पडलीय, ती दरवर्षी सिमेंटनं भरता आणि दरवर्षी परत उघडते, किंवा एक भेग टाईल, जॉइंट, परत टाईल असं न बघता सरळ रेषेत खोलीभर गेलीय, तर खालची जमीनच हलायलीय. तिथं वरची फरशी पण त्याच रेषेत फुटणार. अशा ठिकाणी फोडून, खालची माती काढून, मुरूम भरून धुम्मसानं ठोकून, वर पीसीसी म्हणजे बिनगजाचं काँक्रीट करूनच फरशी बसवावी लागते. खर्च मोठा आहे पण दुसरा इलाज नाही.

आणि ढाळ बघायला विसरू नका. तांब्याभर पाणी ओता आणि ते जाळीकडं जातंय का बघा. ढाळ उलटा असेल तर आत्ताच मिस्त्रीला सांगा.

४. उंची सुतात मोजा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, कारण दुकानदार म्हणतो अर्धाच इंच तर वाढणार. अर्धा इंच किती असतो ते दार अडकलं की कळतं.

मिस्त्री लोकांचा हिशोब सुतात असतो, एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत साधारण ३ मिलिमीटर. नवीन दोन बाय दोनची व्हिट्रिफाईड टाईल ९ मिलिमीटरच्या आसपास म्हणजे तीन सूत, खालचा ॲडेसिव्ह म्हणजे टाईल चिकटवायचा तयार मसाला दीड सूत, झाले साडेचार सूत. म्हणजे अर्ध्या इंचाच्या थोडं वरच. आता टेप घेऊन खालच्या जागा एकेक करून बघा.

दार: बंद दाराच्या खाली किती फट आहे? आमच्या परसदाराच्या खाली फक्त तीन सूत होती. लाकडी दार असतं तर सुतारानं खालून तासून दिलं असतं, पण हे लोखंडी. फॅब्रिकेशनवाल्याला बोलवून, दार काढून, खालची पट्टी कापून वर वेल्ड करून घ्यावी लागली. हे फरशी बसवायच्या आधी करून घ्या, नंतर दार उघडणारच नाही आणि उघडलं तर नव्या टाईलवर ओरखडा पाडत उघडेल.

सिलेंडरचा कप्पा: हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मिस्त्री फरशी ओट्यापर्यंत आणतात आणि ओट्याखाली कप्प्यात जुनीच ठेवतात. मग कप्पा अर्धा इंच खोल राहतो. भरलेला सिलेंडर तीस किलोच्या घरात जातो, त्यात गॅसच १४.२ किलो, तो दर वेळी त्या धारेवरून वर ओढून काढायचा आणि धारेवरची टाईल दोन-चार महिन्यांत टवका उडून जाते. कप्प्यात पण टाईल बसवून घ्या, मात्र त्याआधी सिलेंडर रेग्युलेटरसकट वरच्या कडप्प्याला लागत नाही ना ते मोजा.

उंबरा: किचन वर आलं आणि हॉल तसाच राहिला की मधे पायरी तयार होते. अर्ध्या इंचाची पायरी मोठ्या पायरीपेक्षा वाईट, कारण ती डोळ्याला दिसत नाही. आमच्या आत्यांचा म्हणजे सासूबाईंचा पाय पहिल्या आठवड्यात दोनदा लागला, त्यांचं वय ७४. मग तिथं चार इंची ग्रॅनाईटची पट्टी, हॉलकडची कड उतरती घासून घेऊन बसवली, आणि तिचा रंग मुद्दाम फरशीपेक्षा गडद घेतला. तुम्ही ही पट्टी पहिल्यापासूनच ठरवा.

नहाणी ट्रॅप: जाळी खाली आणि फरशी वर असं झालं की जाळीभोवती खळगा होतो, त्यात शितं आणि भाजीचा कचरा अडकतो. ट्रॅपवर वाढीव रिंग बसवून जाळी फरशीच्या किंचित खाली आणायला प्लंबरला सांगा.

ओटा अर्धा इंच बुटका होतो हे पण खरं, पण आमच्याकडं उलट बरं झालं, मी उंचीनं कमी आहे.

५. वजन

आमचं किचन १० बाय १२ म्हणजे १२० स्क्वेअर फूट. तेवढ्यासाठी टाईल आणि ॲडेसिव्ह मिळून पावणेतीन ते तीन क्विंटल वजन वाढतं. तळमजल्याला आणि नीट बांधलेल्या आरसीसी स्लॅबला ते जड नाही, कारण ते सगळ्या खोलीभर पसरलेलं असतं. स्लॅबला खालून गळती असेल, गज उघडे पडलेले दिसत असतील, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही चढवू नका. आणि गावाकडं माळवदाच्या जुन्या माडीवर तर अजिबातच नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं अंगावर पडून माणसं गेली, आपल्या भागात वजन वाढवताना दहादा विचार करायला हवा.

६. आता ठरवा

वरची तपासणी नीट केली असेल तर उत्तर समोरच असतं. फरशी घट्ट, कोरडी, न खचलेली, एकच थर आणि दारांना जागा आहे, मग वरून बसवा, मनात शंका ठेवू नका. फोडायचा त्रास थोडका नसतो. १२० स्क्वेअर फुटाची फरशी खालच्या मसाल्यासकट काढली तर एक टनाच्या वर मलबा निघतो, तो भरून न्यायला ट्रॅक्टर लागतो, घरभर धूळ बसते, आणि ओट्याचे कडप्पे जुन्या फरशीवरच उभे असतील तर ब्रेकरच्या हादऱ्यानं ओटा हलतो, ग्रॅनाईटला तडा जाऊ शकतो. शिवाय सिमेंटच्या मसाल्यावर बसवलेल्या फरशीला पाणी मारावं लागतं, ॲडेसिव्हला लागत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं गाव, इथं ही बचत मोजलीच पाहिजे.

यातली एक जरी गोष्ट बिघडलेली असेल, विशेषतः ओल किंवा खचणं, तर फोडा. कुणी काही म्हणो.

७. वरून काय बसवायचं

व्हिट्रिफाईड टाईल हा माझ्या मते आपल्या किचनला सगळ्यात बरा पर्याय. पण मॅट घ्या, चकचकीत घेऊ नका. पाण्याचा नि तेलाचा थेंब पडला की चकचकीत टाईलवर पाय सरकतो, आणि बोअरचं पाणी क्षाराचं असल्यानं गडद चकचकीत फरशीवर पुसल्या पुसल्या पांढरे पट्टे दिसतात. आम्ही फिक्कट राखाडी मॅट घेतली, पीठ सांडलं तरी दिसत नाही.

एसपीसीच्या (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) फळ्या एकमेकींत अडकवून बसवतात, जाडी ४ ते ६ मिलिमीटर, म्हणजे दाराखाली जागा कमी असेल तिथं उपयोगी. फळीला पाण्यानं काही होत नाही पण कडेनं पाणी खाली गेलं तर ते तिथंच कुजत बसतं. आमच्या घरात दोन क्विंटल ज्वारीची कोठी किचनमधेच असते, असं वजन एका जागी असलं की फळ्यांचे जोड दबतात, म्हणून आम्ही ते घेतलं नाही. लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग किचनला घेऊच नका, पाणी लागलं की फुगतं.

भाड्याचं घर असेल तर व्हिनाईलची शीट अंथरा. खालच्या टाईलचे जॉइंट काही दिवसांनी वर उमटतात आणि गरम तवा टेकला की डाग पडतो, तरी तात्पुरतं काम भागतं. मालकाला विचारून घ्या आणि चिकटवू नका, नुसती अंथरा.

८. सामान आणि कागद

१० बाय १२ च्या किचनला आम्ही काय आणलं ते लिहिते, तुम्ही आपल्या मापानं बदला.

- दोन बाय दोनच्या टाईलचे ९ बॉक्स. एका बॉक्समधे चार टाईल, टाईल दोन फुटाला किंचित कमी भरते म्हणून साडेपंधरा स्क्वेअर फूट. १२० मधे कापाकापीचे दहा टक्के धरून १३२ होतात, आणि थोड्या उरतात त्या पाहिजेतच.
- 'टाईल ऑन टाईल'साठी चालतो असं गोणीवर स्पष्ट लिहिलेला ॲडेसिव्ह, २० किलोच्या ३ गोण्या. एक गोणी साधारण ५० स्क्वेअर फुटाला पुरते. गोणीवर आयएस १५४७७ आणि उत्पादनाची तारीख बघा, जुनी गोणी गुठळ्या धरते.
- टाईलमधली फट सारखी ठेवायला २ किंवा ३ मिलिमीटरचे स्पेसर, ती फट भरायला इपॉक्सी ग्राउट.
- दातेरी थापी, रबरी हातोडा, लेव्हल बॉटल, गुण्या, टाईल कटर, ग्राइंडर, मसाला घोटायचं मिक्सर. हे मिस्त्रीकडं आहे का ते आधी विचारा. दातेरी थापी नाही म्हणाला तर तो ॲडेसिव्हचं काम करत नाही असं समजा.
- मास्क, चष्मा, जुन्या चादरी. टाईल घासताना उडणारी धूळ छातीला फार वाईट, लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडं पाठवा.

पक्कं बिल घ्या, त्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर सगळ्या बॉक्सवर तोच नंबर आहे का बघा. आमच्या नवातल्या एका बॉक्सवर वेगळा निघाला, शेजारी ठेवल्यावर रंग थोडा पिवळट दिसत होता, तेव्हाच परत केला म्हणून बरं. एकदा कापली की दुकानदार परत घेत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा. मिस्त्रीशी मजुरी स्क्वेअर फुटावर आहे का ब्रासवर, स्कर्टिंग त्यात आहे का वेगळं, हे कागदावर लिहा. एक ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट.

९. प्रत्यक्ष काम

पहिला दिवस नुसता साफसफाईचा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून फरशी तीनदा घासा, गॅससमोर पाचदा. ॲसिड वापरू नका, ते जॉइंटमधलं सिमेंट खातं आणि त्याचा अंश राहिला तर पुढचं चिकटत नाही. साफ झालं का हे कसं ओळखायचं, तर फरशीवर पाण्याचा शिंतोडा मारा. पाणी सपाट पसरलं तर तेल गेलं. थेंब गोळा होऊन मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, परत घासा. आमच्या त्या पिवळ्या पट्ट्यावर सहाव्या वेळेला पाणी पसरलं.

मग ग्राइंडरनं जुन्या टाईलच्या चकचकीत थरावर आडवे-उभे टाचे मारायचे, झाडून, ओल्या फडक्यानं पुसून एक रात्र पंख्याखाली वाळू द्यायचं. काही गोण्यांवर टाचे मारायची गरज नाही असं लिहिलेलं असतं, पण किचनच्या फरशीत वीस वर्षांचं तेल असतं, मी मारूनच घेतले.

दुसऱ्या दिवशी बसवणं. इथं तुम्ही स्वतः समोर बसा. आमचे मिस्त्री मामा वयानं मोठे, हात चांगला, पण सवय जुनी. पहिली टाईल उचलली आणि मागं चार कोपऱ्यांना चार नि मधे एक असे मसाल्याचे लाडू लावले. मी म्हणलं, मामा, असं नको, सगळीकडं पसरून दातेरी थापी ओढा. ते म्हणाले, "ताई, तीस वर्षं झाली असंच बसवायलोय." मी त्यांना बसवलेली टाईल उचलायला लावली. लाडवांच्या मधली सगळी जागा कोरडी होती. त्या कोरड्या जागेवर कुकर पडला की टाईल फुटते, आणि पाणी शिरलं की तिथंच साचतं. मामा दोन मिनिटं बघत बसले, मग पोराला थापी आणायला सांगितली. पुढची प्रत्येक चौथी-पाचवी टाईल त्यांनी स्वतःहून उचलून दाखवली, मागं कडेपर्यंत मसाला लागलेला.

तेवढंच महत्त्वाचं म्हणजे सिमेंटचा घोळ नको. व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून सिमेंट तिला धरत नाही. खाली पण चकचकीत टाईल, वर पण तीच, मधे नुसतं सिमेंट, म्हणजे अंबाजोगाईचाच प्रकार. ॲडेसिव्हमधे वरून सिमेंट किंवा वाळू मिसळू देऊ नका, "जरा पुरवठ्याला येतं" म्हणून मिसळतात.

पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच, मोजून, आणि बोअरचं खारट पाणी न घेता पिण्याचं घ्या. घोटा, पाच मिनिटं तसंच ठेवा, परत घोटा. पसरलेल्या मसाल्यावर वीस मिनिटांच्या आत टाईल बसली पाहिजे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर साय धरते. बोट लावलं आणि बोटाला लागलं नाही तर तो मसाला खरवडून टाका. काम एप्रिल-मेमधे असेल तर खिडक्यांना ओल्या चादरी लावा आणि एका वेळी दोनच टाईलचं पसरा.

टाईलला टाईल भिडवून "बिनजॉइंटची" मागू नका, दिसायला छान दिसतं म्हणून खूप जण मागतात. ऊन-थंडीनं फरशी वाढते-आकसते, तिला जागा नसली की मधूनच उठते. स्पेसर पाहिजेच, आणि भिंतीच्या कडेनं दोन सुताची फट रिकामी ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. त्या फटीत मसाला भरू देऊ नका.

चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही. मग ग्राउट. गॅससमोर आणि बेसिनखाली इपॉक्सीच घ्या, हळद आणि तेल त्यात मुरत नाही. महाग पडतं आणि चिवट असतं, हात-हातभर भरून लागलीच पुसायचं, वाळल्यावर टाईलवर जो पांढुरका पापुद्रा राहतो तो मग निघता निघत नाही. आमच्या दाराजवळच्या दोन टाईलवर तो अजून आहे, पोरगं चहा प्यायला उठलं होतं तेवढ्यात वाळला.

१०. काम झाल्यावर

तीन दिवस फ्रीज आत आणू नका. आणताना खाली प्लायचे तुकडे टाका, ओढू नका. ज्वारीची कोठी रिकामी करून जागेवर ठेवा आणि मग भरा. स्वयंपाकाची सोय चार-पाच दिवस दुसरीकडं करून ठेवा, दोन दिवसात होतं हे कुणी म्हणलं तरी धुणं, वाळणं, बसवणं, ग्राउट धरून एवढे लागतातच. सणाच्या तोंडावर काम काढू नका, महालक्ष्म्या बसायच्या आधी किमान पंधरा दिवस फरशी मोकळी पाहिजे.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की लाटणं घेऊन परत सगळी फरशी ठोका. आमच्याकडं बेसिनजवळची एक टाईल पोकळ निघाली, मामा येऊन उरलेल्यातली एक बसवून गेले. म्हणून उरलेल्या टाईल कुणाला देऊ नका, आमच्या आता चार शिल्लक आहेत, माळ्यावर उभ्या ठेवल्यात, बॉक्सवरचा शेड नंबर समोर दिसेल अशा.